कल्याण बंदर आणि नंद लोहार

कल्याणच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता बहुधा दुर्गाडीपासून सुरुवात करतो. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, खाडीकाठी जहाजे बांधायला घेतली आणि मराठी आरमाराचा पाया येथे घातला गेला, हे तो अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. थोडा अधिक वाचलेला वक्ता आणखी दीड हजार वर्षे मागे जातो आणि ग्रीकांच्या पुस्तकात आपल्या गावाचे नाव आहे असे सांगून टाळ्या घेतो. तेही खरे आहे. परंतु या दोन मुक्कामांवरच थांबणारा इतिहास राजांचा आणि परदेशी पाहुण्यांचा होतो. हे बंदर ज्यांच्या हातांवर चालले त्यांच्यापैकी काहींची नावे उपलब्ध आहेत, दगडावर कोरलेली आहेत, कुणालाही जाऊन पाहता येतील अशी आहेत. तरीही गावाला ती माहीत नाहीत. असे का व्हावे, हा या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे मी माझ्या शहाणपणाने वळलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात प्राचीन व्यापाराचा धडा चालला होता. ग्रीक जहाजांतून काय काय येत असे याची यादी मी फळ्यावर लिहीत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे सगळं उतरवून कोण घ्यायचं?” वर्ग हसला. मला हसता आले नाही. माझ्या वडिलांनी उभी हयात कल्याणच्या रेल्वे मालधक्क्यावर पोती वाहिली. पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. त्यांच्या हमालीवर शिकून मी इतिहासाचा अध्यापक झालो आणि जहाजातून माल आपोआप उतरतो अशा थाटात इतिहास शिकवू लागलो! त्या दिवसापासून मी कल्याणचा इतिहास नव्याने वाचायला घेतला.

प्रथम ग्रीक पुस्तकाविषयी. त्याचे नाव ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिका, अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याने कोठे कोणते बंदर आहे, तेथे काय विकले जाते, काय मिळते, कोठे खडक आहेत आणि कोठे राजाची माणसे त्रास देतात, याची ती व्यवहारी नोंदवही आहे. जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर समुद्र ओलांडून येत आणि हिवाळ्यात वारा उलटला की परत जात. स्ट्रॅबो हा भूगोलकार सांगतो की त्याच्या काळी मायोस होर्मोस या एकाच बंदरातून वर्षाला १२० पर्यंत जहाजे हिंदुस्थानकडे निघत. येताना ती दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्यारुप्याची नाणी आणीत. जाताना सुती कापड, हस्तिदंत, मौल्यवान खडे, पिंपळी असा माल भरून नेत.

या पुस्तकात भडोचच्या दक्षिणेकडील बंदरे सांगताना सुप्पारा म्हणजे सोपारा आणि कल्लिएना म्हणजे कल्याण यांची नावे येतात. कल्याणविषयी तो जे लिहितो ते थोडक्यात असे : थोरल्या सारगनसच्या काळी हे गाव कायद्याने मान्य झालेली बाजारपेठ होती, पुढे ते संदनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराला मोठा अडथळा झाला, आता एखादे ग्रीक जहाज चुकून तेथे लागले तर पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा संभव असतो. सारगनस म्हणजे कोणी सातकर्णी असावा असे अभ्यासक सांगतात. संदनेस कोण यावर त्यांच्यात एकमत नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की दक्षिणेतले सातवाहन आणि भडोचकडचे क्षत्रप यांच्या ओढाताणीत कल्याणचे बंदर सापडले होते. भडोचच्या पेठेला गिऱ्हाईक मिळावे म्हणून कल्याणची पेठ अडवली गेली. राजांच्या भांडणात गलबते अडली, आणि गलबते अडली की ज्यांचे पोट गलबतांवर आहे त्यांची चूल अडते. हे सांगायला ग्रीक पुस्तक लागत नाही. ज्या गावाने गिरण्या आणि कारखाने बंद पडताना पाहिले आहेत त्याला ते समजते.

आता हे बंदर चालत कसे होते ते पाहू. उल्हास नदीची खाडी कल्याणपासून वसईकडे समुद्राला मिळते. वाऱ्यापासून सुरक्षित असे हे आतले बंदर. येथून देशावर जाणाऱ्या वाटा फुटतात. मुरबाडवरून नाणेघाट चढला की जुन्नर आणि पुढे पैठण. बोरघाटाने वर गेले की कार्ले. थळघाटाने गेले की नाशिक. पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर या पेठांचे वर्णन पेरिप्लसमध्ये आहे. तेथील माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून किनाऱ्याकडे येत असे असे तो सांगतो. आता नकाशावर या घाटांच्या माथ्याशी असलेली लेणी पाहा : जुन्नर, कार्ले, नाशिक. आणि किनाऱ्याच्या बाजूला कान्हेरी. लेणी रानावनात एकांतासाठी खोदली असे आपण पुष्कळदा ऐकतो. प्रत्यक्षात ती व्यापाराच्या वाटांवर आहेत. भिक्खू, तांडेवाले, कारागीर आणि यवन व्यापारी यांची गाठ तेथे पडत असे. म्हणूनच कल्याण बंदराची हजेरीवही आपल्याला या डोंगरांत वाचायला मिळते.

नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे : हजारोंनी गायी, हत्ती, घोडे, गावे, कार्षापण नाणी. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकात गोळा करीत असे लोक सांगतात. रांजणाची गोष्ट बाजूला ठेवली तरी हिशोब सरळ आहे. या घाटाने जाणाऱ्या मालावर राज्याची तिजोरी भरत होती आणि त्या तिजोरीतून यज्ञाची दक्षिणा जात होती. घाट चढणाऱ्याच्या पाठीवरचे ओझे आणि यज्ञमंडपातली गाय यांचा असा संबंध आहे. राणीच्या लेखात पहिली बाजू येत नाही, दुसरी मात्र मोजून मोजून येते.

आता कान्हेरीला या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर ब्राह्मी लिपीत दानांचे लेख आहेत. त्यांत कल्याणचे नाव पुन्हा पुन्हा येते. कल्याणचे व्यापारी आहेत. कल्याणातल्या अंबालिका विहाराचा उल्लेख आहे, म्हणजे बंदरातही भिक्खूंचे निवासस्थान होते. स्त्रिया आहेत, गृहिणी आहेत, भिक्षुणी आहेत, आपल्या नावाने दान देणाऱ्या आहेत. सोपाऱ्याचा नागपालित नावाचा मणिकार आहे. कल्याणचा सामिदत नावाचा सोनार आहे. त्याने पाण्याचे टाके दिले. आणि कल्याणचा नंद नावाचा लोहार आहे. लेखात त्याला ‘कमार’ म्हटले आहे. त्याने काय दिले? वाट दिली. डोंगरावर चढणाऱ्या माणसासाठी पायवाट.

राणीने दक्षिणा दिली आणि लोहाराने वाट दिली. हे दोन्ही लेख एकाच राजकुळाच्या काळातले, एकाच व्यापाराच्या पैशातून निघालेले आहेत. पण एकात देणारा वर आणि घेणारा त्याहून वर आहे. दुसऱ्यात देणारा आपल्या धंद्याचे नाव न लपवता, आपल्या गावासकट स्वतःला लिहवून घेतो आणि जे देतो ते येणाऱ्या जाणाऱ्या सर्वांच्या पायाखाली येते. नंदाने आपले दान कोणत्या यज्ञात घातले नाही. त्याला ते घालूही दिले नसते.

येथे काही वाचक म्हणतील की त्या काळी जातीच नव्हत्या, सारे समान होते. या मोहापासून आपण सावध राहिले पाहिजे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती करताना ती सांगते की त्याने शक, यवन आणि पह्लव यांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला. विशेष म्हणजे हा लेख भिक्खूंना लेणे दान देण्याच्या प्रसंगाचा आहे. बुद्धाच्या संघाला लेणे द्यायचे आणि त्याच भिंतीवर वर्णसंकर थांबवल्याची फुशारकी मारायची, हे राजघराण्याला जमत होते. तेव्हा वर्णव्यवस्था नव्हती असे म्हणणे खोटे आहे. ती होती, तिला राजाचे बळ होते आणि ती राखण्याची चिंता राजाला पडत होती. पण चिंता कशाची पडते? जे घडत असते त्याची. संकर होत होता म्हणूनच तो थांबवल्याचे श्रेय घ्यावेसे वाटले. बंदरे, बाजार आणि लेणी ही हा संकर घडण्याची ठिकाणे होती.

आणि ज्या यवनांचा नाश झाला म्हणतात ते यवन गेले कोठे? यवन म्हणजे मुळात ग्रीक. पुढे पश्चिमेकडून आलेल्यांना हे नाव सरसकट लागले. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेले आहेत. त्यांची नावे पाहा : सिहधय, धम. नावे येथलीच झाली आहेत. त्याच चैत्याचे दार वेणुवासाचा मुलगा सामि या धेनुकाकटच्याच सुताराने केले, असे त्याचे नाव दारावर आहे. जुन्नरला इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने आहेत. पाण्याची टाकी आहेत, भोजनमंडप आहे. नाशिकला इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडच्या यवनाने लेणे कोरविले. म्लेंच्छ म्हणून ज्याला यज्ञमंडपाबाहेर उभे राहावे लागले असते तो येथे सुताराच्या शेजारी खांबावर नाव कोरून उभा आहे. धम्माच्या दारात त्याला कोणी कुळ विचारले नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले त्याला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. नागसेन भिक्खूला निर्भयपणे प्रश्न विचारणारा. प्रश्न विचारणाऱ्या परक्याचे नाव आपल्या मुलांच्या महाविद्यालयाला देणे यामागे कार्ल्याच्या खांबांचीच परंपरा आहे.

कारागिरांच्या संघटनेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या भिक्खूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : २००० दरमहा शेकडा १ दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून भिक्खूंची चीवरे आणि किरकोळ खर्च चालवायचा. म्हणजे राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या संघाकडे विश्वासाने ठेवत होता! जुन्नरच्या एका लेखात वांसकार म्हणजे बांबूकाम करणारे आणि कांसकार म्हणजे काशाची भांडी करणारे यांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी असल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी ठेवी सांभाळीत होती. आज बुरूड समाज महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्याच्या शब्दावर दान ठेवले जात होते त्याचा धंदा हलका कधी ठरला, कोणी ठरवला, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न आहे.

याच ठिकाणी सोपाऱ्याची एक हकीकत आठवते. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या नालासोपाऱ्याच्या टेकाडाला गावकरी ‘बुरूड राजाचे कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी करंडकात एकात एक ठेवलेल्या कुप्या, भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धाच्या लहान मूर्ती निघाल्या. त्याच साली तेथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला आणि १९५६ साली नवव्याचा. स्तूप विसरला गेला, अशोक विसरला गेला, बुद्ध विसरला गेला. लोकांच्या तोंडी उरला तो बुरूड राजा. असा राजा होऊन गेला असे मी म्हणत नाही. दंतकथा हा पुरावा नसतो. पण मोठे बांधकाम दिसले की त्याचा धनी बुरूड असू शकतो असे या किनाऱ्यावरच्या लोकांना वाटत आले, एवढे तरी ती सांगते. पाठ्यपुस्तकांना तसे कधी वाटलेले नाही.

आता दुसरी बाजू. पेरिप्लसमध्येच भडोचला राजासाठी काय आणावे याची यादी आहे : चांदीची मौल्यवान पात्रे, उंची दारू, गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर मुली. दारूच्या कुंभांच्या आणि माणसांच्या नोंदी एकाच ओळीत! त्या मुलींची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. कल्याणच्या धक्क्यावर ओझी वाहणाऱ्याचे नावही कान्हेरीत नाही. दान द्यायला गाठीशी काही असावे लागते. नंद लोहाराजवळ वाट बांधून देण्याइतके होते. हमालाजवळ पाठ होती. म्हणून लेण्यांतले लेख हे राबणाऱ्या सर्वांचे दफ्तर आहे असे समजणे चूक ठरेल. ते राबणाऱ्यांतल्या काहींचे दफ्तर आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला नंदाचे नाव हे पूर्ण उत्तर नाही. पण पूर्ण उत्तर नाही म्हणून अर्धेही सांगायचे नाही, हा न्याय कोठला?

बंदर पुढेही चालले. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक ख्रिस्ती प्रवासी कल्लियानाला हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांत गणतो. तेथून तांबे-पितळ, काळ्या लाकडाचे ओंडके आणि कापड जाते, तेथे इराणातून नेमलेला बिशप आहे, असे लिहितो. म्हणजे मंदिर, विहार आणि चर्च या गावाला नवे नाहीत. त्यानंतर शिलाहारांच्या काळात ठाणे म्हणजे श्रीस्थानक वर आले. कान्हेरीला तेव्हाही दाने मिळत होती. नवव्या शतकात गौड देशातून आलेल्या एका उपासकाचे दान तेथे कोरलेले आहे. पण काळाचा एकूण सूर पालटला होता. शिलाहारांचे ताम्रपट वाचले तर जमिनी आणि गावे मुख्यतः ब्राह्मणांना आणि देवळांना दिलेली दिसतात. डोंगरावरचा लेख येणाराजाणारा कोणीही वाचू शके; ताम्रपट ज्याला जमीन मिळाली त्याच्या घरात राही. लोहाराने, सोनाराने, सुताराने स्वतःचे नाव कोरावे अशी जागा हळूहळू उरली नाही. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली, तेव्हा रूळ घालणाऱ्यांची नावे कोणी दगडावर लिहिली नाहीत. साहेबांची लिहिली गेली.

मध्यंतरी एका स्मरणिकेसाठी मला कल्याणच्या प्राचीन इतिहासावर लेख मागितला गेला. मी पेरिप्लस लिहिला, सातवाहन लिहिले आणि नंद लोहार लिहिला. छापून आल्यावर पाहिले तर पेरिप्लस होता, सातवाहन होते. नंदाचा परिच्छेद गाळला होता. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “जागा कमी पडली. आणि लोहाराचं एवढं काय?” त्या माणसाच्या मनात माझ्याविषयी वैर नव्हते. ग्रीक व्यापाऱ्याने नाव घेतल्यामुळे गावाची उंची वाढते आणि गावच्याच लोहाराच्या नावाने ती वाढत नाही, असे त्याला मनापासून वाटत होते. वैर असते तर भांडता आले असते. संस्कारांशी भांडणे कठीण.

नंद लोहार हा आपला पूर्वज होता असा दावा मी करीत नाही. तो कोणाचा पूर्वज होता हे सांगण्याचे साधन नाही, आणि रक्ताच्या नात्याने इतिहासावर हक्क सांगणे ही ज्यांची रीत आहे त्यांची त्यांना लखलाभ. आपले नाते वेगळे आहे. १९५६ नंतर आपण लेण्यांकडे नव्या नजरेने पाहू लागलो. आपण तेथे जातो, वंदना घेतो, फोटो काढतो आणि परततो. भिंतीवरची अक्षरे मात्र वाचत नाही, कारण ती वाचायला आपल्याला कोणी शिकवले नाही. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या बंदरात २०२२ साली उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. यवनांची जहाजे जेथून निघत त्या धक्क्याशी बुद्ध, आणि ती जेथे लागत तेथल्या डोंगरात यवनांची नावे, असा दोन्ही टोकांचा पुरावा आता हाती आहे. मधला दुवा असलेले कल्याण मात्र स्वतःच्या नोंदवहीविषयी उदासीन आहे.

म्हणून एक साधी सूचना करतो. ब्राह्मी लिपी अवघड नाही. मन लावले तर मुळाक्षरे थोड्या दिवसांत येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येथल्या आपल्या अभ्यासमंडळांनी आणि वसतिगृहांनी दर रविवारी तासभर ती शिकावी आणि मग कान्हेरीला जावे. मागच्या वर्षी मी काही विद्यार्थ्यांना अशी तयारी करून नेले. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता पदवीधर झाली आहे, तीही आली. एका टाक्यावरच्या लेखाशी ती बराच वेळ थांबली, बोटाने अक्षरे जुळवीत राहिली आणि मग मोठ्याने वाचले : “क-लि-य-ण.” नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, पुढचं मी वाचते. तुम्ही सांगू नका.”